शिव्या कुणाच्या, शाप कुणाचा?

(देवरी येथे दिलेल्या व्याख्यानाचे शब्दांकन)



आजचा विषय 'शिव्याशाप' असा कळवला, तेव्हा संयोजकांचा फोन आला. म्हणाले, "सर, सभागृहात लेकीबाळी असतात, जरा जपून." मी म्हटलं, काळजी करू नका. मी शिव्या देणार नाही, शिव्यांबद्दल बोलणार आहे. आणि खरं सांगायचं तर लेकीबाळी असतात म्हणूनच हा विषय घेतला. शिवी कुणाच्याही तोंडून निघो, ती बहुतेक वेळा कुणाच्या तरी आईवर नाहीतर बहिणीवर जाऊन पडते. त्या इथं बसलेल्या असतील तर त्यांच्यासमोरच हे बोललेलं बरं.

आपण 'शिव्याशाप' हा शब्द एका दमात म्हणतो, 'भांडीकुंडी' म्हणावं तसा. "म्हातारीनं शिव्याशाप दिले" म्हटलं की पुरुष मंडळी हसतात आणि विषय संपतो. माझं म्हणणं असं की या जोडशब्दात दोन अगदी वेगळी कृत्यं एकत्र बांधली गेली आहेत. ती सोडवून पाहिली नाहीत तर माणसावर अन्याय होतो. हे मी पुस्तकात शिकलो नाही. आधी एक प्रसंग सांगतो.

पन्नासेक वर्षांपूर्वीची गोष्ट. तेव्हा गोंदिया जिल्हा नव्हता. तो १ मे १९९९ ला झाला, त्याआधी हा सगळा मुलूख भंडारा जिल्ह्यातच होता. देवरीपासून फार लांब नसलेल्या एका गावात आमचे नातेवाईक होते. मी नुकताच तत्त्वज्ञानात एम. ए. झालो होतो आणि सुट्टीत तिथं गेलो होतो. गावात एक विधवा बुढी होती. दोन बांध्या धानाच्या, बस्स. शेजारच्या शेतकऱ्यानं तिचा धुरा कोरला. दरवर्षी हातभर, हातभर. तिनं पाटलाला सांगितलं, पंचांना सांगितलं. कुणी काही केलं नाही. मग एक दिवस ती त्याच्या दारात उभी राहिली आणि पदर पसरून ओरडली, "माहा धुरा खाल्लास, तुह्या घरी दिवा नाही लागनार!"

शेजाऱ्यानं उत्तर दिलं. काय दिलं ते मी सांगत नाही. तिच्या वैधव्यावरून, तिच्या आईवरून, सगळं काढलं. लोकांनी ऐकलं आणि विसरले.

पावसाळ्यात त्याचा मुलगा तापानं गेला. आणि मग गावाला आठवण झाली. कशाची? त्याच्या शिव्यांची नाही, कोरलेल्या धुऱ्याचीही नाही. फक्त तिच्या त्या एका वाक्याची. "हिनंच केलं." महिन्याभरात तिच्याकडं पाणी मागणं बंद झालं, विस्तव मागणं बंद झालं, पोरं तिच्या घरावरून पळत जायला लागली. शेवटी ती लेकीच्या गावी निघून गेली. त्या बांध्यांचं काय झालं असेल हे तुम्हीच ओळखा.

आणि एम. ए. झालेला मी काय करत होतो? गप्प होतो. लोकांचं चुकतंय हे कळत होतं. कुठं चुकतंय ते नेमकं सांगता येत नव्हतं. आजचं व्याख्यान म्हणजे ते सांगण्याचा उशिरा केलेला प्रयत्न समजा.

आता शब्दाकडं वळू. शाप हा शब्द संस्कृतातल्या 'शप्' धातूवरून आला. गंमत अशी की 'शपथ' हा शब्दही त्याच धातूचा. शाप आणि शपथ ही सख्खी भावंडं. धातुपाठात या धातूचा अर्थ 'आक्रोश' असा दिला आहे. संस्कृतात आक्रोश म्हणजे ओरडून निंदणं, दूषणं देणं. मराठीत आक्रोश म्हणजे काय? ऊर बडवून रडणं. शब्द तोच, पण मराठीत येईपर्यंत निंदेचं रडणं झालं. मला हा बदल फार अर्थपूर्ण वाटतो. त्या बुढीला दारात उभं पाहिलं असतं तर तुम्हाला सांगता आलं नसतं की ती निंदा करते आहे की रडते आहे.

शपथ आणि शाप भावंडं कशी? शपथ म्हणजे स्वतःवर घेतलेला सशर्त शाप. "खोटं बोललो तर माझी जीभ झडो." पोरं गळ्याला हात लावून 'गळ्याशप्पथ' म्हणतात, तेव्हा गळा पणाला लावलेला असतो. 'आईशप्पथ' म्हणताना मात्र पोरगं हुशारीनं स्वतःला सोडवतं आणि आईला पणाला लावतं. इथंही शेवटी आईच! न्यायालयात आज ईश्वरसाक्ष शपथ घेता येते किंवा गांभीर्यपूर्वक दृढकथन करता येतं. राज्यघटनेच्या तिसऱ्या अनुसूचीतही दोन्ही पर्याय आहेत. म्हणजे शब्दामागची ती जुनी भीती काढून टाकली तरी शब्द बांधून ठेवू शकतो, हे आपण मान्य केलं आहे.

मग शिवी काय आहे? व्याकरण बघा, सगळं उलगडतं. शिवीचा प्राण नामात असतो. गाढवा, हरामखोरा, अमक्याच्या, तमकीच्या. शिवी सांगते, तू कोण आहेस, तुझी पायरी कुठली. शापाचा प्राण क्रियापदात असतो. होवो, पडो, जळो, जावो. "तुझं वाटोळं होवो." "तुझ्या तोंडात माती पडो." "तुले पटकी लागो." पटकी म्हणजे कॉलरा. पटकीची साथ गावंच्या गावं उजाड करत होती, म्हणून ती शापात शिरली. साथ आटोक्यात आली, शापात मात्र ती राहिली. लोक कशाला भीत होते हे बघायचं असेल तर त्यांचे शाप गोळा करावेत.

हे 'होवो, पडो' रूप म्हणजे आज्ञार्थाचं तृतीयपुरुषी रूप. आज्ञा आहे, पण कुणाला? समोरच्याला नाही. "तू मर" असं ती म्हणत नाही. ती त्याच्या डोक्यावरून कुणाला तरी सांगते आहे. देवाला, सूर्याला, काळाला. म्हणजे शाप हा वरच्या कोर्टात केलेला अर्ज आहे. खालची सगळी कोर्टं, पाटील, पंच, दीर, भाऊ, बंद झाल्यावर केलेला. आणि हेही लक्षात घ्या की आशीर्वादाचं रूपही हेच आहे. "कल्याण होवो." पसायदानातली क्रियापदंही याच घडणीची आहेत. फरक असा की ज्ञानदेव खळांचा नाश मागत नाहीत, त्यांचा वाकडेपणा जावा एवढंच मागतात. शापाचं व्याकरण वापरून शापाच्या उलट मागणं मागितलं आहे. पण ते ज्ञानदेव. धुरा गेलेल्या बाईकडून आपण पसायदानाची अपेक्षा करतो आणि धुरा कोरणाऱ्याकडून काहीच अपेक्षा करत नाही, ही आपली अडचण आहे.

ऑक्सफर्डचे तत्त्वज्ञ जे. एल. ऑस्टिन यांनी १९५५ साली हार्वर्डला काही व्याख्यानं दिली. त्यांच्या मृत्यूनंतर १९६२ मध्ये त्यांचं पुस्तक झालं. त्यांचा मुद्दा साधा होता. काही वाक्यं माहिती देत नाहीत, ती काम करतात. "मी वचन देतो" म्हणणं म्हणजेच वचन देणं. पण असं वाक्य लागू पडायला म्हणणाऱ्याला अधिकार लागतो. माझ्यासारख्या प्रेक्षकानं उठून "मी ठराव मंजूर करतो" म्हटलं तर ठराव होत नाही, ते अध्यक्षांनी म्हणावं लागतं. मग प्रश्न असा की शाप देण्याचा अधिकार कुठून येतो? पुराणांचं उत्तर आहे, तपातून. ऋषी शाप देतो, कारण त्यानं तप केलं आहे. लोकांचं उत्तर वेगळं आहे. लोक म्हणतात, "गरिबाचा तळतळाट घेऊ नये." म्हणजे अधिकार सोसण्यातून येतो. ज्यानं सोसलं त्याचा शब्द लागतो. 'तळतळाट' हा शब्द मला 'शाप' या शब्दापेक्षा जास्त प्रामाणिक वाटतो, कारण त्यात तळमळ ऐकू येते.

तुम्ही म्हणाल, सर, राजेसुद्धा शाप देत होते, त्यांनी काय सोसलं? बरोबर आहे. आपल्या विदर्भातच वाकाटकांचे ताम्रपट सापडले. वा. वि. मिराशींनी त्यांचं संपादन केलं. दान दिलं, सीमा सांगितल्या, आणि शेवटी व्यासांच्या नावावर श्लोक की दिलेली जमीन जो हिरावून घेईल तो साठ हजार वर्षं नरकात राहील. पुढं कोकणात शिलाहारांच्या काळापासून गधेगाळ दिसतात. उभा दगड, वर चंद्रसूर्य, मध्ये लेख, खाली गाढव आणि स्त्री. वाचता न येणाऱ्यालाही कळावं म्हणून चित्र. मुंबईत परळला सापडलेला शके ११०८ चा, म्हणजे इसवी सन ११८७ चा, अपरादित्याचा शिलालेख प्रसिद्ध आहे. लेख संस्कृतात, पण शेवटची धमकी मराठीत. जो हे शासन मोडील त्याच्यावर सहकुटुंब वैद्यनाथाचा भाला पडो, हा शाप. आणि लगेच त्याच्या आईबद्दल, गाढवाबद्दल, ती शिवी. मराठी लेखनाच्या अगदी जुन्या नमुन्यांत ही शिवी आहे, याचा अभिमान बाळगायचा की खंत, ते तुम्ही ठरवा.

मला त्यात दोन गोष्टी दिसतात. पहिली ही की राजापाशी सैन्य असताना त्याला शाप का लागला? कारण हे दान त्याच्यानंतरही टिकायचं होतं, आणि मेल्यावर सैन्य कामाला येत नाही. पुढच्या राजापुढं हा राजासुद्धा त्या बुढीइतकाच असहाय होता. म्हणजे शाप तिथंही सत्ता संपते त्या जागीच उगवला. दुसरी गोष्ट शिवीची. त्या वाक्याचं रूप शापाचं, पण मार शिवीचा. गुन्हा करणार पुढचा कुणी सत्ताधारी, आणि शिक्षा त्याच्या आईला. तिनं कुठलं शासन मोडलं होतं? आठशे वर्षांत आपण चंद्रसूर्य दगडावरून काढले, गाढव मात्र जिभेवर ठेवलं.

आता साहित्यातलं एक उदाहरण घेतो, कारण सुशिक्षित माणूस शापाचं काय करतो ते त्यात दिसतं. शकुंतलेची गोष्ट सगळ्यांना माहीत आहे ती कालिदासाची. दुर्वास येतात, ती विचारात हरवलेली असते, ते शाप देतात. राजा तिला विसरतो, पुढं अंगठी सापडते. अण्णासाहेब किर्लोस्करांनी १८८० साली पुण्यात 'संगीत शाकुंतल' आणलं, तेव्हापासून मराठी माणसाच्या डोक्यात हीच गोष्ट पक्की बसली.

पण महाभारताच्या आदिपर्वात मूळ कथा आहे. तिथं दुर्वास नाही, अंगठी नाही. दुष्यंताला सगळं आठवत असतं, तरी भर दरबारात तो "मी हिला ओळखत नाही" म्हणतो. आणि शकुंतला गप्प बसत नाही. ती राजाला बजावते, माझं म्हणणं ऐकलं नाहीस तर तुझ्या मस्तकाची शंभर शकलं होतील. शेवटी आकाशवाणी होते, मग तो कबूल करतो.

बघा काय झालं. मूळ कथेत शापाचा शब्द शकुंतलेच्या तोंडी होता. ज्याच्यावर अन्याय झाला त्याच्या तोंडी. कालिदासानं तो तिच्याकडून काढून घेतला आणि एका ऋषीच्या तोंडी दिला. आणि लागला कुणाला? तिलाच. जी फिर्यादी होती ती शापाचं भक्ष्य झाली, आणि जो खोटं बोलला तो विस्मरणाचा रोगी झाला. राजाचा दोष धुऊन निघाला. कालिदासाच्या शकुंतलेपाशी उरलं काय? पाचव्या अंकात ती राजाला 'अनार्य' म्हणते. म्हणजे शाप गेला, एक शिवी तेवढी राहिली. कालिदास थोर कवी आहे, त्या चौथ्या अंकाला आजही डोळे भरून येतात. पण शापाच्या बाबतीत त्यानं जे केलं तेच आमच्या त्या गावानं केलं. बाईच्या तक्रारीचा शाप केला, आणि तक्रार कशाबद्दल होती हे सगळ्यांना विसरायला लावलं.

मग शिव्या सगळ्याच वाईट का? नाही. सातारा जिल्ह्यात खंडाळा तालुक्यात सुखेड आणि बोरी अशी दोन गावं आहेत. नागपंचमीच्या दुसऱ्या दिवशी दोन्ही गावच्या बायका ओढ्याच्या दोन्ही काठांवर उभ्या राहून एकमेकींना शिव्या देतात. त्याला 'बोरीचा बार' म्हणतात. लांब कशाला, इथून पलीकडं छत्तीसगडात लग्नात भडौनी गातात. वरपक्षाची अशी काही टर उडवतात की नवरदेवाला तोंड लपवावं लागतं, आणि त्याचा राग कुणी धरत नाही. का नाही धरत? कारण तिथं दोन्ही बाजू बरोबरीच्या आहेत, प्रत्येकाची पाळी येते आणि खेळ केव्हा संपणार ते ठरलेलं आहे. यातली एक अट काढली की शिवी खेळ राहत नाही. मालकानं गड्याला दिलेल्या शिवीला गड्याची पाळी कधीच येत नाही. जातीच्या नावानं दिलेल्या शिवीला तर शेवटही नसतो. ती माणसाच्या जन्माला चिकटवलेली असते. १९८९ च्या अत्याचार प्रतिबंधक कायद्यानं अनुसूचित जाती-जमातींच्या माणसाला चारचौघांत जातिवाचक शिवीगाळ करणं गुन्हा ठरवलं. ते शब्दांचं सोवळं म्हणून केलं नाही. त्या शिवीनं पायरी दाखवली जाते, आणि ती पायरीच कायद्यानं मोडायची आहे.

नोव्हेंबर २०२४ मध्ये अहिल्यानगर जिल्ह्यातल्या नेवासा तालुक्यात सौंदाळा गावच्या ग्रामसभेनं ठराव केला की आईबहिणीवरून शिवी देणाऱ्याला ५०० रुपये दंड. पेपरात आलं तेव्हा काहीजण हसले. मी हसलो नाही. दंड किती वसूल झाला हा प्रश्न दुय्यम आहे. एका गावानं एकत्र बसून विचारलं की भांडण तुमचं आणि आमची आई मध्ये का, हे मोठं आहे. परळच्या दगडाला दिलेलं ते उत्तर आहे, आठशे वर्षांनी का होईना.

पण शापाचं काय? इथं आपण थेट या मातीवर येतो. देवरीच्या पूर्वेला छत्तीसगड. तिथं २००५ साली टोनही प्रताडना निवारण कायदा झाला. आपल्याकडं डॉ. नरेंद्र दाभोलकरांचा २० ऑगस्ट २०१३ ला खून झाला. ज्या कायद्यासाठी ते वर्षानुवर्षं झटले तो त्यानंतर, त्याच वर्षी झाला. अमुक माणूस करणी करतो, जादूटोणा करतो, मंत्रानं जनावराचं दूध आटवतो असं पसरवून त्याचं जगणं अवघड करणं, हा त्या कायद्यानं गुन्हा आहे. सहा महिने ते सात वर्षं कैद आणि ५ हजार ते ५० हजार रुपये दंड. हे पाठ करून ठेवा, इथं उपयोगी पडेल.

कायद्यानं एक चांगलं केलं. "हिनं शाप दिला म्हणून तो मेला" यातला 'म्हणून' त्यानं नाकारला. आधी वाक्य आणि मग मरण, एवढ्यानं कारण सिद्ध होत नाही. ते पोर तापानं गेलं. त्या शेजाऱ्यानं दिलेल्या शिव्याही त्याच दिवशी, त्याच अंगणात हवेत गेल्या होत्या. त्यांनी कुणी मेलं का, असं कुणी विचारलं नाही. बलवानाच्या शिवीला आपण सवय म्हणतो, दुबळ्याच्या शापाला करणी म्हणतो. हाच तो फरक, जो मला तेव्हा सांगता आला नाही.

इथं माझ्या विवेकवादी मित्रांशी माझा थोडा मतभेद आहे. ते म्हणतात, शाप लागतो हे खोटं आहे, लोकांना सांगा आणि विषय संपवा. खोटं आहे, हे मलाही मान्य. पण 'गरिबाचा तळतळाट घेऊ नये' या भीतीनं काही सावकारांचा, काही सासवांचा हात आखडला असेलच ना? ती भीती काढून घेतली आणि तिच्या जागी काही ठेवलं नाही, तर फायदा कुणाचा? धुरा कोरणाऱ्याचा. तो आता निर्धास्त कोरेल. म्हणून शाप लागत नाही असं ज्यानं सांगायचं, त्यानंच हेही विचारायचं की बाई, तुझं गेलं काय? पहिलं वाक्य दुसऱ्याशिवाय बोलू नये असं मला वाटतं.

तुमच्यापैकी बरेच जण शिक्षक आहेत, ग्रामपंचायतीत आहेत, काही पोलीसपाटील आहेत. गावात कुणी बुढी पदर पसरून ओरडताना दिसली तर तिच्या शब्दांकडं नंतर बघा. आधी सातबारा बघा. मांत्रिकाला बोलावण्याऐवजी मोजणीवाल्याला बोलावा. तिची हद्द कायम करून द्या. मग ती आपोआप शांत होते की नाही ते बघा. होते. मी पुढं दोन ठिकाणी पाहिलं आहे.

त्या पहिल्या गावात मात्र मोजणी कुणी बोलावली नाही. मीही म्हटलं नाही. तिच्या घरी नंतर दिवा लागला का, हे विचारायलाही मी कधी गेलो नाही.

 प्रश्न असतील तर जरूर विचारा. शिव्या सोडून काहीही चालेल.